चुन्याच्या डबीतला पेनड्राइव्ह

भरमाण्णा मुचंडीकरांचा फोन सहाला आला.
"खुळं झालंय की रे ते.
चालू केलं की आपोआप दुकानं उघडतंय,
लॉटरी, चपला, नको त्या बायका.
सुनेसमोर बसायची लाज वाटतीया."

मी डबी खिशात घातली.
चुन्याची डबी. कुणा आजोबांची नव्हे,
बेळगाव बसस्टँडवर दहा रुपयाला घेतलेली.
आत एक पेनड्राइव्ह, त्याच्या कडेला इवलीशी खिट्टी.
ती सरकवली की त्याच्यावर कुणालाच काही लिहिता येत नाही.
तो फक्त बघतो.

वडगावात, मागांच्या खडखडाटात,
काकांनी आधी अँटिव्हायरसची पावती दाखवली.
"मग हा काय करत होता?"
काका, राखणदार आणि चोर
एकाच दिव्यावर जागे होतात,
आणि चोर आधी उठतो.

म्हणून घर उठवायचंच नाही.
नेटची वायर काढली. मशीन पूर्ण बंद.
पेनड्राइव्ह मागच्या खाचेत,
बटण दाबलं आणि लगेच एफ बारा, एफ बारा, एफ बारा,
बाळ चाळवायच्या आत पाळण्याची दोरी धरावी तसं.

काळा पडदा, पांढरी अक्षरं,
मग एक परकी निळी खोली.
"हिचा फोटो कुठं गेला?"
पडद्यावर कायम असायच्या काकू,
गोकाकच्या धबधब्यासमोर, पदर सावरताना.
आहेत तिथंच. हे दुसरंच कोणीतरी जागं आहे.
तुमचं सगळं आत झोपलंय, चोरासकट.
काका तेव्हापासून हळू आवाजात बोलू लागले.

तीन लाख अठरा हजार फायली.
गंगव्वा चहा घेऊन आली, बैलहोंगलची,
"येन आतु?"
"हुडकतोय," काका म्हणाले.
तिला कळलं. तो शब्द दोघांच्याही घरचा.

एकाहत्तर टक्क्यांवर करंट गेला.
गल्लीतले माग एका दमात गप्प,
आणि त्या शांततेत यूपीएसची टीट टीट, सात मिनिटं.
मग तीही नाही.
पुन्हा पहिल्यापासून. एफ बारा.

सव्वादहाला यादी आली. नऊ नावं.
आठ म्हणजे अक्षर-आकड्यांचा केर.
नववं:
मराठी फॉन्ट फुकट, सेटअप.

काका खुर्चीत सरळ झाले.
याच फॉन्टात त्यांनी अख्ख्या गल्लीचे अर्ज लिहिलेले,
पेन्शन, रेशन, मजुरी थकल्याची तक्रार,
वर मराठी, खाली गंगव्वानं घातलेलं कन्नड.
"चोर यातनं आला?"
होय म्हणायला मला वेळ लागला.
"पूस की मग."

पुसलं. त्यानं मांडलेलं सगळंच गेलं.
पेनड्राइव्ह काढला, मशीन आपल्या पायावर उठलं.
काकू आल्या, धबधबा आला, दुकानं आली नाहीत.
मग काकांनी एक अर्ज उघडला.
वर डॉलर, कंस, उलटे स्वल्पविराम,
टोपी घातलेले रोमन स्वर.
खाली कन्नड जसंच्या तसं.

चांगला फॉन्ट माझ्याकडं होता. पण जुनी अक्षरं त्याला ओळखीनात.
गंगव्वा खालचं वाचू लागली,
"ही शिद्राई लोहारांची, विधवा पेन्शन,"
काका वरचं सांगू लागले, मी टाइप करत गेलो.
मध्येच दोघं एका शब्दावरून भांडली,
अर्जदार आधी की विषय आधी. बारा वाजले.

एका फायलीखाली कन्नड नव्हतं.
दोन पानं, नुसते डॉलर आणि टिंबं.
तारीख काकूंच्या तेराव्यानंतरची.
"ही कशाची?" मी विचारलं.
"ते राहू दे तसंच."
त्यांनी चष्मा पुसला
आणि ओळीवरून ओळीवर डोळे नेत,
सावकाश, दोन्ही पानं वाचून काढली.

मी डबी उघडून
खिट्टी लागलीय का ते बघत बसलो.